किंमत चढते, वजन उतरते : अमेरिकन पिकअपच्या ‘परफॉर्मन्स ट्रिम’चा हिशेब

कापडाच्या धंद्यात ‘ट्रिमिंग’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुर्त्याची लेस, ओढणीचा गोटा, बटणे, पायपिंग, अस्तर. कापड तेच, शिलाई तीच, वरून जे लागते ते ट्रिमिंग. मोटारीच्या धंद्यातही हा शब्द शिवणकामातूनच आला आहे. घोडागाडीच्या जमान्यात विलायतेत बग्गीच्या गाद्या, छत आणि आतले अस्तर शिवणाऱ्या कारागिराला ‘कोच ट्रिमर’ म्हणत. पुढे मोटारी आल्या, कारागीर तेच राहिले, आणि एकाच गाडीचे साधे, मधले, उंची असे जे दर्जे कंपन्या काढू लागल्या त्यांनाही ‘ट्रिम’ हेच नाव पडले.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण असे. आमच्या ओळखीतल्या अनेक घरांतील मुले आखातात आहेत, काही अमेरिकेत आहेत. कुणी कापडाचे, कुणी सुट्या भागांचे, कुणी फर्निचरचे दुकान चालवतो. दुकानासाठी पिकअप घ्यायची ठरली की घरी फोन येतो आणि घरचे आम्हाला विचारतात. बहुतेक वेळी मुलाच्या मनात फोर्डची ‘रॅप्टर’ किंवा रॅमची ‘टीआरएक्स’ आधीच बसलेली असते. आम्ही मोटारीचे मिस्त्री नव्हे, कापडवाले आहोत. परंतु माल वाहणाऱ्या गाडीचा हिशेब मालवाल्याने करावा हे रास्तच आहे. ज्या गाड्यांविषयी आम्ही लिहितो आहोत त्या हिंदुस्थानात कंपनीकडून रीतसर विकल्या जात नाहीत. त्यांचा बाजार अमेरिकेत आणि आखातात आहे. म्हणून आकडे आम्ही अमेरिकेतले दिले आहेत आणि पौंडांचे किलो करून दिले आहेत.

प्रथम गाडीची जात समजून घेऊ. अमेरिकेत ‘फुल-साइज पिकअप’ म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५००, जीएमसी सिएरा १५०० आणि टोयोटा टुंड्रा. कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची पहिली पिकअप १९२५ सालची, मॉडेल टी गाडीच्या मागे लोखंडी हौदा लावलेली, किंमत २८१ डॉलर. ती शेतकऱ्याची आणि दुकानदाराची गाडी होती. एफ मालिका १९४८ मध्ये आली आणि एफ-१५० हे नाव १९७५ च्या मॉडेलपासून. या धंद्याला सरकारी कुंपणही मोठे आहे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात बसवली, तिच्या बदल्यात १९६४ पासून अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. कोंबडीचे भांडण कधीच मिटले, जकात मात्र राहिली. त्यामुळे टोयोटालाही टुंड्रा टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे बनवावी लागते. असा सुरक्षित बाजार मिळाल्यावर कंपन्यांनी पिकअपमधूनच मोठा नफा काढायला सुरुवात केली, आणि त्याची वाट म्हणजे ट्रिम.

फोर्डचेच उदाहरण घ्या. खाली ‘एक्सएल’, म्हणजे आमच्या भाषेत कोरे कापड. सीटला रेक्झिन किंवा साधे कापड, पाणी मारले की स्वच्छ. त्यावर ‘एक्सएलटी’. त्यावर ‘लॅरिअट’, तिच्यात चामडे. लॅरिअट म्हणजे गुराख्याचा फासाचा दोर, हे नाव १९७८ पासून चालत आले आहे. त्यावर ‘किंग रँच’, टेक्सासमधील एका मोठ्या पशुपालन जमिनीच्या नावाने २००१ पासून, जाड तपकिरी चामड्याची. त्यावर ‘प्लॅटिनम’. या सगळ्यांत खालचा सांगाडा तोच. चामडे, मोटारीने हलणाऱ्या सीटा, काचेचे छत यांचे वजन वाढते तेवढी वाहण्याची ताकद थोडी कमी होते, बाकी फरक लेस-गोट्याचा.

परफॉर्मन्स ट्रिमचे तसे नाही. तिथे लेस बदलत नाही, ताणाबाणाच बदलतो. इंजिन वेगळे, शॉकॲब्सॉर्बर वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या, चाके वेगळी, रुंदीसुद्धा वेगळी. नाव मात्र तेच राहते, आणि गिऱ्हाइकाची फसगत इथेच होते. त्याला वाटते की एफ-१५० घेतली, वर थोडे पैसे टाकून चांगल्यातली घेतली. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच कामाची गाडी घेऊन घरी येतो.

जुने मासले

रस्त्यावर वेगाने पळणारी पिकअप ही आधीची चाल. १९७८ मध्ये डॉजने ‘लिल रेड एक्स्प्रेस’ काढली, लाल रंग, लाकडी फळ्या आणि खोलीमागे उभी दोन धुराडी. त्या वेळचे धुराचे नियम मोटारींना कडक आणि या वर्गाच्या ट्रकला सैल होते, म्हणून ती तेव्हाच्या बहुतेक अमेरिकन मोटारींपेक्षा जलद ठरली. १९९० ला शेव्हरोलेची ‘४५४ एसएस’, ७.४ लिटरचे इंजिन. १९९१ ला जीएमसीची ‘सायक्लोन’. ही आकाराने लहान होती, फुल-साइज नव्हे, पण तिचा दाखला महत्त्वाचा आहे. २८० अश्वशक्ती, नावाला पिकअप, आणि माल फक्त ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. फोर्डची ‘लाइटनिंग’ १९९३ साली २४० अश्वशक्तीची होती. १९९९ मध्ये दुसरी लाइटनिंग आली, ३६० अश्वशक्तीची, पण वाहण्याची मर्यादा ८०० पौंड, म्हणजे ३६३ किलो. २००३ मध्ये ही मर्यादा वाढवून १,३५० पौंड केली गेली. डॉजने २००४ मध्ये रॅममध्ये व्हायपर या शर्यतीच्या मोटारीचे दहा सिलिंडरचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन घातले. ती ताशी १५४ मैल धावली आणि गिनेस बुकात गेली. त्या गाडीत सतरंज्या भरून बाजारात जाणारा कुणी असेल असे आम्हाला वाटत नाही.

२०१० च्या मॉडेलपासून वारे फिरले. फोर्डने ‘रॅप्टर’ काढली आणि वेग डांबरावरून वाळूत नेला. वाळवंटातील शर्यतीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लांब हालचालीचे शॉकॲब्सॉर्बर, रुंद अंग, जाड टायर. आखातातील तरुणांना ती का भावली हे सांगायला नको. रेतीचे टेकाड त्यांच्या दारातच आहे. नंतर इतर कंपन्यांनीही याच वाटेने गाड्या काढल्या, आणि आज ‘परफॉर्मन्स’ म्हटले की बहुधा हीच जात समजली जाते.

आता गाड्या एकेक पाहू

रॅप्टरची तिसरी पिढी २०२१ ची. साडेतीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ४५० अश्वशक्ती, दहा गिअर. मागचे कमानी पाटे काढून पाच दांड्यांवर बसवलेल्या गोल स्प्रिंगा घातल्या. ३५ इंची टायरच्या गाडीचे पुढचे चाक १४ इंच आणि मागचे १५ इंच वर-खाली होऊ शकते. खड्ड्यावरून, उंचवट्यावरून गाडी जोरात गेली तरी चाक जमीन सोडत नाही. हौसेखातर ३७ इंची टायरही मिळतात. मालाची मर्यादा ३५ इंची टायरवर १,४०० पौंड, म्हणजे ६३५ किलो. ३७ इंचीवर १,२०० पौंड, म्हणजे ५४४ किलो. गाडी तीच, टायर दोन इंच मोठे, आणि ९० किलो माल खाली उतरला.

तिची थोरली बहीण ‘रॅप्टर आर’, २०२३ ची, ५.२ लिटर, आठ सिलिंडर, सुपरचार्जर, ७०० अश्वशक्ती. पहिल्या वर्षी किंमत एक लाख नऊ हजार डॉलरच्या वर. एवढ्या डॉलरांत २०२१ च्या भावाने साध्या एफ-१५० एक्सएल तीन आल्या असत्या आणि पैसे उरले असते.

रॅमची ‘टीआरएक्स’ २०२१ ते २०२४ या मॉडेलांत निघाली. ६.२ लिटर, सुपरचार्जर, ७०२ अश्वशक्ती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार सेकंदांत शून्यापासून ताशी ६० मैल. गंमत अशी की एवढी ताकद असूनही तिचा कमाल वेग ताशी ११८ मैलांवर बांधून ठेवला होता, कारण त्या जाड टायरना त्यापुढचा वेग मानवत नाही. माल १,३१० पौंड, म्हणजे ५९४ किलो. पेट्रोल गॅलनला सरासरी १२ मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. रॅप्टर १५-१६ मैलांवर बसते, लिटरला साडेसहा किलोमीटर धरा.

हा फरक नुसत्या इंजिनाच्या आकाराचा नाही. टर्बो आणि सुपरचार्जर ही दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबण्याची हिकमत आहे. टर्बोचा पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. जे वाया जाणार होते त्यातून तो आपले काम काढतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. जुन्या गिरणीत वरच्या शाफ्टवरून पट्टा उतरवून माग चालवत, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना लगेच समजेल : प्रत्येक पट्टा मूळ ताकदीतून आपला वाटा खातो. मात्र पट्ट्याचे काम तत्काळ होते, पाय दाबताच जोर मिळतो. शौकिनाला हा तत्काळपणा हवा असतो, आणि पेट्रोलच्या बिलात तो त्याची किंमत भरतो.

टीआरएक्सनंतर रॅमने २०२५ साठी ‘आरएचओ’ काढली. हिचा दाखला आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. अंग जवळपास तेच, इंजिन मात्र तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ५४० अश्वशक्ती. म्हणजे १६२ अश्वशक्ती कमी. मालाची मर्यादा मात्र १,५२० पौंड, ६८९ किलो. म्हणजे टीआरएक्सपेक्षा ९५ किलो जास्त. ताकद कमी झाली आणि माल वाढला, कारण पुढचे जड इंजिन उतरले.

शेव्हरोलेची सिल्व्हरॅडो ‘झेडआर२’ २०२२ ची. ६.२ लिटर, ना टर्बो ना सुपरचार्जर, ४२० अश्वशक्ती, ३३ इंची टायर. मागे कमानी पाटेच ठेवले आहेत. पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांना कुलूप आहे. कुलूप म्हणजे असे : गाडीचे एक चाक हवेत लटकले किंवा चिखलात फिरू लागले की सारी ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते आणि गाडी जागेवर राहते, कुलूप लावले की दोन्ही चाके बरोबरच फिरतात. म्हणून झेडआर२ दगडधोंड्यांत हळूहळू चढण्यासाठी चांगली, रॅप्टर आणि टीआरएक्स उघड्या रेतीत पळण्यासाठी. माल १,४४० पौंड, ६५३ किलो. ओढण्याची ताकद ८,९०० पौंड, चार टनांच्या किंचित वर.

टोयोटाची टुंड्रा ‘टीआरडी प्रो’ २०२२ पासून पेट्रोलबरोबर विजेची मोटार घेऊन आली, एकूण ४३७ अश्वशक्ती. ओढण्यात ती या साऱ्यांच्या पुढे आहे, ११,१७५ पौंड, पाच टनांच्या वर. वाळूत उड्या मारण्याचा तिचा दावा तेवढा मोठा नाही, आणि म्हणूनच तिला ओढण्याचे काम जमते.

आता साध्या गाडीकडे पाहा. २०२१ च्या एफ-१५० मध्ये नीट निवड केली, म्हणजे एकाच रांगेची खोली, आठ फुटी हौदा आणि जादा वजनाचा संच घेतला, तर मर्यादा ३,३२५ पौंड होती, म्हणजे १,५०८ किलो. रॅप्टरच्या दुपटीहून जास्त. एक्सएलची किंमत २९ हजार डॉलरच्या आसपास सुरू होत होती. आठ फुटी हौदा, मोठे इंजिन आणि हा संच घेतला की वर थोडे पैसे पडतात. त्याच वर्षी रॅप्टर ६४ हजारांच्या वर आणि टीआरएक्स जवळजवळ ७० हजारांपासून.

असे का होते?

कारण स्प्रिंग एकच काम नीट करू शकते. माल पेलायचा तर ती कडक हवी. रिकामी गाडी उसळते, हाडे खिळखिळी होतात, पण माल बसला की गाडी शांत चालते. वाळूत पळायचे तर स्प्रिंग मऊ हवी, चाकाला वर-खाली व्हायला लांब जागा हवी. मग माल भरला की मागचा भाग खाली बसतो आणि ती लांब जागा संपते. त्यात मोठी टायरे, जाड लोखंड, रुंद अंग यांचे वजन. गाडीचे मालासकट एकूण किती वजन चालेल याची हद्द कारखान्याने बांधलेली असते. गाडी स्वतः जड झाली की त्या हद्दीत मालाचा वाटा घटतो. पातळ मलमलीत तांदळाची गोण बांधता येत नाही आणि गोणपाटाची ओढणी होत नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

रुंदीवरून एक मौजेची बाब. रॅप्टरच्या जाळीत आणि टीआरएक्सच्या बॉनेटवर लहान केशरी दिवे दिसतात. पुष्कळांना ती शोभा वाटते आणि साध्या गाडीला लोक बाजारातून तसे दिवे आणून लावतात. ती शोभा नव्हे, कायदा आहे. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला रुंदी दाखवणारे दिवे लावावेच लागतात. साधी एफ-१५० ७९.९ इंचांची, म्हणजे कायद्याच्या एक धागा आत. रॅप्टर आरसे सोडून सुमारे ८७ इंच, म्हणजे सव्वासात फूट. बाजाराच्या गल्लीत किंवा इमारतीच्या तळघरात गाडी लावणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

गाठीचा हिशेब

किलोचे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून आमच्या पद्धतीने सांगतो. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात. पिकअपच्या मालाच्या मर्यादेत चालक आणि बसणारी माणसेही मोजली जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ३७ इंची टायरच्या रॅप्टरमध्ये ५४४ किलो. पाच माणसे बसली, माणशी ७५ किलो धरा, ३७५ किलो गेले. उरले १६९. एक गाठ भरायला एक किलो कमी पडला. चालक एकटाच असेल तर टीआरएक्समध्ये तीन गाठी बसतात, रॅप्टरच्या ३५ इंची टायरवरही तीनच. नीट निवडलेल्या साध्या एफ-१५० मध्ये एकट्या चालकाबरोबर वजनाच्या हिशेबाने आठ गाठी.

आपल्या ओळखीचा दाखला हवा असेल तर टाटांचा ‘छोटा हत्ती’ घ्या. २००५ साली निघाला तेव्हा त्याचे इंजिन ७०२ सीसीचे, ताकद १६ अश्वशक्ती आणि माल ७५० किलो. टीआरएक्सची अश्वशक्ती ७०२ आणि माल ५९४ किलो. दोन्हींचे काम वेगळे आहे, हत्तीला ताशी ११८ मैल कुणी पळवणार नाही. तरी भाड्याने माल वाहणाऱ्याला हत्ती जास्त कमावून देईल यात शंका नाही.

ओढण्याच्या आकड्यातही एक खुबी आहे. रॅप्टर ८,२०० पौंडांची गाडी मागे ओढते असे पत्रकात लिहिलेले असते. परंतु मागच्या ट्रेलरचे दहा ते पंधरा टक्के वजन जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे पिकअपच्याच पाठीवर येते. दहा टक्के धरले तरी ८२० पौंड, ३७२ किलो. ६३५ मधून ते वजा केले की २६३ किलो राहिले. तीन माणसे बसली की हौद्यात टाकायला ३८ किलो, दोन-चार तागे फार तर. पत्रकातील दोन मोठे आकडे एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि विकणारा हे आपण होऊन सांगत नाही.

वजनानंतर लांबी. रॅप्टरचा हौदा साडेपाच फूट, टीआरएक्सचाही जवळपास तेवढाच. ५८-६० इंच पन्ह्याच्या कापडाचा रोल त्यात आडवा पडतो. चादरीचे ९० इंची कापड मात्र बाहेर येते, मागची फळी उघडी ठेवून दोराने बांधावे लागते. आठ फुटी हौद्यात, म्हणजे ९६ इंचांत, ते आत मावते आणि फळी बंद होते. माल भिजणे, घसरणे, कोपरा मळणे यांतून होणारे नुकसान कापडवाल्यांना सांगायला नको.

अमेरिकेत धंदा करणाऱ्यांसाठी लांबीचा संबंध कराशीही आहे. तिथल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १७९ खाली धंद्यासाठी घेतलेल्या जड गाडीची किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येते. पण सहा हजार पौंडांवरच्या एसयूव्ही जातीच्या गाड्यांना त्यात मर्यादा आहे, २०२४ साठी ती ३०,५०० डॉलर होती. ज्या पिकअपचा हौदा आतून सहा फूट किंवा जास्त लांब आणि बसण्याच्या जागेपासून वेगळा आहे तिला ही मर्यादा लागत नाही. साडेपाच फुटी हौद्याची रॅप्टर त्या मर्यादेत सापडते, साडेसहा किंवा आठ फुटी साधी गाडी सुटते. घसाऱ्याच्या इतर सवलतीही आहेत आणि त्या बदलत राहतात. आपल्या हिशेबनीसाला गाडी घेण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

मग ही गाडी कुणी घ्यावी?

ज्याचा धंदाच वाळूत आहे, पर्यटकांना टेकाडांवर नेणारा, दूरच्या छावण्यांवर हलके सामान पोचवणारा, त्याला रॅप्टरचे पैसे वसूल होऊ शकतात. टीआरएक्स आणि रॅप्टर आर ही हौस आहे, आणि हौसेला आमचा विरोध नाही. पण ती घरखर्चातून करावी, दुकानाच्या भांडवलातून नव्हे. ज्याला साइटवरच्या कच्च्या रस्त्याने जावे लागते पण माल सोडता येत नाही, त्याने मधली वाट पाहावी. फोर्डची २०२१ ची एफ-१५० ‘ट्रेमर’ ३३ इंची टायरवर उंच उभी आहे आणि नीट निवडल्यास १,८८५ पौंड, म्हणजे ८५५ किलो वाहते, १०,९०० पौंड ओढते. शेव्हरोलेची ‘ट्रेल बॉस’ २०१९ पासून आहे, कारखान्यातूनच दोन इंच उंच केलेली; तिची ‘कस्टम’ ही साधी आवृत्ती घेतली तर चामड्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. या गाड्यांची छायाचित्रे घरी पाठवली तर रॅप्टरइतकी वाहवा होणार नाही, हे खरे.

पत्रकातला मालाचा आकडा हा सर्वांत हलक्या गाडीचा असतो. जी गाडी समोर उभी आहे तिचा आकडा तिच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. अमेरिकन गाडीवर पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर लिहिलेले असते की माणसे आणि माल मिळून इतक्या किलोंच्या वर जाऊ नये. एकाच ट्रिमच्या दोन गाड्यांच्या पट्ट्यांवर वेगवेगळे आकडे सापडतात, कारण एकीला काचेचे छत आहे आणि दुसरीला नाही.

आखातातील जुन्या बाजारात आणखी सावध राहावे लागते. तिथे पुष्कळ पिकअप बाहेरच्या वर्कशॉपमध्ये उंच केलेल्या असतात, कारखान्याने दिलेली टायरे काढून मोठी घातलेली असतात, कधी साध्या गाडीला रॅप्टरची जाळी आणि केशरी दिवे लावलेले असतात. अशा गाडीच्या दारावरची पट्टी जुनीच राहते आणि तिच्यावरचा आकडा त्या गाडीला लागू राहत नाही. पट्टीवर टायरचे माप छापलेले असते. ते चाकावरच्या मापाशी जुळते का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. जुळत नसेल तर गाडी टाकी भरून वजनकाट्यावर न्यावी, आणि विकणारा काट्यावर यायला तयार नसेल तर दुसरी गाडी पाहावी.